जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास': अर्ध्यावर तुटलेली कॅसेट आणि पूर्ण ऐकलेला अल्बम

अर्धी_कॅसेट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात गिरगावातली आमची खोली रिकामी केली. चाळ पुनर्विकासाला गेली. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत दादाच्या कॅसेटी निघाल्या आणि त्यातच ती सापडली. साठ मिनिटांची, टीडीके कंपनीची कॅसेट. आतल्या कागदावर दादाचं निळ्या शाईतलं बारीक अक्षर, 'ए' बाजूला सहा गाणी, 'बी' बाजूला आठ.

१९८४ ची गोष्ट. दादाच्या मित्राच्या मामाने लंडनहून 'ऑल थिंग्ज मस्ट पास' चा, तीन एलपींचा (मोठ्या तबकड्यांचा) खोका आणला होता. त्या काळी रेकॉर्डिंगच्या दुकानात यादी दिली की कॅसेट भरून मिळायची. दादाने यादी दिली, दुकानदाराने भरून दिली. साठ मिनिटांत पहिल्या दोन तबकड्याही मावत नाहीत, म्हणून अठरापैकी चार गाणी गळाली. आणि शेवटचं गाणं, म्हणजे ज्याच्यावरून अल्बमचं नाव पडलं ते 'ऑल थिंग्ज मस्ट पास', मध्येच खटकन तुटायचं. टेप तिथेच संपायची. मी तेव्हा आठवीत होतो. पुढे कित्येक वर्षं माझ्या डोक्यात ते गाणं तिथेच संपत होतं. आजही पूर्ण ऐकताना त्या जागी कान क्षणभर थांबतो.

घरी येऊन हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूळ क्रमाने, तीन रात्री ऐकला. त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बीटल्स हा चौघांचा इंग्लिश बँड १९७० च्या एप्रिलमध्ये फुटला. जॉर्ज चौघांत वयाने सगळ्यात लहान. गाणी लिहायची ती लेनन आणि मॅकार्टनी यांनी, आणि जॉर्जच्या वाट्याला एका रेकॉर्डवर एक-दोन जागा, हा शिरस्ता पडून गेला होता. त्याच्याकडे गाणी साठत गेली. 'इजंट इट अ पिटी' १९६६ चं आहे. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणं बीटल्सनी जानेवारी १९६९ मध्ये वाजवून पाहिलं आणि सोडून दिलं. पुढच्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीला, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी तो एकटाच स्टुडिओत गेला आणि ते गाणं गिटारवर रेकॉर्ड करून आला. (ते १९९६ च्या 'अँथॉलॉजी ३' वर आहे, जरूर ऐका. खोलीत बसून कुणी आपल्यालाच सांगतंय असं वाटतं.)

मे १९७० च्या शेवटी काम सुरू झालं. निर्माता जॉर्ज स्वतः आणि सोबत फिल स्पेक्टर. अ‍ॅबी रोड, ट्रायडंट आणि अ‍ॅपल अशा तीन स्टुडिओंतून ऑक्टोबरपर्यंत चाललं. वाजवायला कोण कोण आले ते पाहा: बीटल्सचा ड्रमर रिंगो, एरिक क्लॅप्टन, क्लाउस फूरमान, बिली प्रेस्टन, गॅरी राइट, अख्खा बॅडफिंगर बँड, नॅशव्हिलहून खास आलेला पेडल स्टील गिटारवाला पीट ड्रेक. नोव्हेंबरच्या अखेरीस तीन तबकड्यांचा संच बाजारात आला. अमेरिकेत सात आठवडे पहिल्या नंबरवर. इंग्लंडमध्ये मात्र टपाल संपामुळे आकडे गोळा झाले नाहीत आणि अधिकृत यादीत तो चौथ्या जागेवर राहिला. ती चूक २००६ मध्ये दुरुस्त झाली. प्रत्यक्षात तिथेही तो आठ आठवडे पहिला होता.

हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

या अल्बमची गोष्ट नेहमी 'दाबून ठेवलेल्या धाकट्याने शेवटी सगळ्यांना दाखवून दिलं' अशी सांगतात. मीही वर्षानुवर्षं तसंच ऐकलं, कारण दादाची कॅसेट 'वाह-वाह' ने सुरू व्हायची. १० जानेवारी १९६९ ला जॉर्ज बीटल्सची तालीम सोडून घरी निघून गेला आणि त्याच दिवशी त्याने हे गाणं लिहिलं. कॅसेट लावली की पहिल्या सेकंदाला भांडण.

मूळ रेकॉर्ड तशी सुरू होत नाही. पहिलं गाणं आहे 'आय'ड हॅव यू एनिटाइम', बॉब डिलनबरोबर १९६८ च्या नोव्हेंबरात डिलनच्या घरी बसून लिहिलेलं. हे दादाच्या यादीत नव्हतं. इतकं हळू, इतकं अदबशीर. तीन तबकड्या भरून बोलायचं ज्याच्याकडे साठलंय, तो माणूस आधी समोरच्याला म्हणतो, तू आत ये, मला मोकळं व्हायचंय. त्यानंतर 'माय स्वीट लॉर्ड', आणि मग तिसऱ्या नंबरला 'वाह-वाह'. राग आहेच. पण त्याला त्याची जागा दिलेली आहे, पहिली नाही.

दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी 'रन ऑफ द मिल' आहे. तीन मिनिटांचंही नाही. हेही यादीत नव्हतं! अ‍ॅपल या बीटल्सच्याच कंपनीत रोज कटकटी चालल्या होत्या, पॉल मॅकार्टनीचं बाकीच्यांशी फाटत चाललं होतं, त्या दिवसांतलं हे गाणं. त्यात जॉर्ज कुणालाही दोष देत नाही. आवाज कधी चढवायचा, कधी नाही, हे ज्याचं त्याच्या हातात असतं, एवढंच तो म्हणतो. मैत्री गेल्याचं दुःख आहे, आणि ती परत मिळेल असं खोटं आश्वासन नाही. ज्यांनी एकत्र घर फुटताना पाहिलंय त्यांना हे गाणं कळायला इंग्रजी यावं लागत नाही. आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अण्णा आणि काका एकाच मजल्यावर, एकाच सामायिक नळावर, आणि बोलणं बंद.

या रेकॉर्डिंगच्या मधोमध, ७ जुलै १९७० ला, जॉर्जची आई गेली. हे लक्षात ठेवून दुसरी तबकडी ऐका. 'बीवेअर ऑफ डार्कनेस', 'ऑल थिंग्ज मस्ट पास', 'आर्ट ऑफ डाइंग', 'हिअर मी लॉर्ड'. गाणी आईच्या जाण्याआधीची आहेत, पण गाणारा आवाज त्या उन्हाळ्यातला आहे.

तुम्ही हा अल्बम कधी, कुठे ऐकलात? आणि मूळ १९७० चं मिक्स (म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवून केलेलं रेकॉर्डिंग) बरं की २०२१ चं नवीन, यावरही बोलूया.

---

मध्यलय

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

मी सतार वाजवतो (शिकतोय म्हणणं जास्त बरोबर, पंधरा वर्षं झाली). 'माय स्वीट लॉर्ड' मधल्या स्लाइड गिटारबद्दल लिहायचंय. स्लाइड (तारांवर नळी सरकवून गिटार वाजवणं) हे अमेरिकन ब्लूजवाल्यांचं हत्यार, त्यात सूर खरखरीत ओढतात. जॉर्जचा सूर तसा ओढला जात नाही. तो एका स्वरावरून निघतो, मधल्या श्रुतींना स्पर्श करत दुसऱ्यावर नेमका टेकतो आणि तिथे थरथरत नाही. आमचे गुरुजी मींड शिकवताना हेच सांगतात: निघताना घाई नको आणि पोचल्यावर हलायचं नाही. शिवाय त्याने तीच ओळ दोनदा वाजवून एकमेकांवर ठेवलीय, दुसरी वेगळ्या स्वरात.

१९६६ मध्ये तो पं. रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता, ताजमध्ये उतरला होता. पुढे सतार त्याने बाजूला ठेवली, आयुष्य कमी पडेल हे त्याला कळलं. पण हाताला जे लागलं होतं ते गिटारमध्ये उतरलं. माझ्या मते या अल्बमवरचं सगळ्यात भारतीय काही असेल तर ती मींड. 'हरे कृष्ण' चा जप त्यानंतर.

---

निळी_छत्री

@मध्यलय, मींडचं पटलं, पण जपाला दुसऱ्या नंबरवर टाकू नका :)

'माय स्वीट लॉर्ड' मी पहिल्यांदा ऐकलं ते नाशिकला मावसबहिणीकडे, अकरावीत. मागचा कोरस 'हॅलेलुया' म्हणत असतो आणि बघता बघता 'हरे कृष्ण' म्हणायला लागतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मी दचकले ते पुढे. शेवटाकडे कोरसमध्ये 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' येतं! शाळेत रोज प्रार्थनेनंतर हात जोडून जे म्हणत होतो तेच, लिव्हरपूलच्या उच्चारात. मी मावसबहिणीला म्हटलं, परत मागे घे. तिला आधी खरंच वाटेना. तीन वेळा रिवाइंड केलं तेव्हा पटलं.

आणि तो कोरस म्हणजे खूपशी माणसं नाहीत. मुख्यतः एकटा जॉर्ज, स्वतःचाच आवाज थरावर थर चढवत गेलेला. कव्हरवर त्याला 'जॉर्ज ओ'हारा-स्मिथ सिंगर्स' असं नाव दिलंय.

'अवेटिंग ऑन यू ऑल' सुद्धा ऐका. नाव घे, सुटशील, एवढंच त्याचं सार. आमचे आजोबा रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे. त्यांना मी हे गाणं अर्थासकट सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरोबर बोलतोय."

---

जुनी_सुई

मिक्सबद्दल. मी मूळच्या बाजूने, आणि जरा ठासून.

माझ्याकडे १९७० ची इंग्लिश प्रत आहे, तीन तबकड्या, पोस्टरसकट. स्पेक्टरची पद्धत अशी की एकाच वेळी खोलीत दोन-तीन ड्रम, चार-पाच अकूस्टिक गिटार, दोन पियानो, आणि हे सगळं घुमाऱ्यात बुडवायचं. बॅडफिंगरची पोरं तासन्‌तास फक्त अकूस्टिक गिटार खाजवत बसलेली, एकेकाचा आवाज वेगळा ओळखताच येणार नाही अशी. लोक म्हणतात सगळं गढूळ झालंय. मान्य. 'वाह-वाह' पहिल्यांदा पूर्ण होऊन ऐकलं तेव्हा खुद्द जॉर्जलाही तो आवाज आवडला नव्हता. २००१ मध्ये अल्बम पुन्हा काढला तेव्हाही त्याने लिहिलंय की तो घुमारा कमी करायचा मोह होतो.

तरी मी म्हणेन, तो घुमारा त्या गाण्यांचा भाग आहे. 'इजंट इट अ पिटी' मंद चालीने सुरू होतं आणि एकेक वाद्य येऊन मिळत जातं, सात मिनिटं दहा सेकंदं. जॉन बारहॅमने बांधलेली तंतुवाद्यं, मागे कोरस. हे मोठ्या देवळाच्या सभामंडपात ऐकावं तसंच ऐकायचं असतं. २०२१ च्या मिक्समध्ये जॉर्जचा आवाज पुढे आलाय, बास स्वच्छ झालाय, हे मी नाकारत नाही. पण मंडप लहान झाला.

(त्या गाण्याचा शेवट ऐकताना 'हे ज्यूड' आठवतं का? ते सात मिनिटं अकरा सेकंदांचं. जॉर्जने एक सेकंद कमी ठेवलाय. मुद्दाम की योगायोग, मला मुद्दाम वाटतं.)

---

खारा_वारा

जुनी_सुई, तुमच्या प्रतीचा हेवा वाटतो, पण मी विरुद्ध बाजूला.

मी ध्वनिमुद्रणाच्याच कामात आहे. पॉल हिक्सने २०२१ मध्ये केलेलं मिक्स, जॉर्जच्या मुलाच्या, धानीच्या देखरेखीखाली, मी चांगल्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा 'लेट इट डाउन' मध्ये जॉर्ज श्वास घेतो तो ऐकू आला. तीस वर्षं हे गाणं ऐकतोय, तो श्वास कधी सापडला नव्हता. 'हिअर मी लॉर्ड' मध्ये तर तो अक्षरशः विनवणी करतोय, आणि जुन्या मिक्समध्ये ती विनवणी भिंतीपलीकडून येते. घुमाऱ्याला भव्यता म्हणा, पण मला माणूस हवा.

त्याहून महत्त्वाचं, २०२१ च्या त्या संचात २६ आणि २७ मे १९७० ची कच्ची रेकॉर्डिंगं आहेत. पहिल्या दिवशी रिंगो आणि क्लाउस फूरमानला घेऊन, दुसऱ्या दिवशी स्पेक्टरसमोर एकट्याने, मिळून तीस गाणी. दोन दिवसांत तीस! ती ऐकली की कळतं, गाणी आधीच पूर्ण होती. स्पेक्टरने इमारत बांधली, पाया आधीच घातलेला होता. आणि स्पेक्टर त्या उन्हाळ्यात पूर्ण वेळ हजरही नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने एकेका गाण्याबद्दल सूचना लिहून पत्र पाठवलं, आणि मधलं पुष्कळ काम जॉर्जनेच रेटलं. श्रेय देताना हे विसरलं जातं.

---

पारावरचा

खटल्याचा विषय कुणीच काढला नाही? 'माय स्वीट लॉर्ड' ची चाल शिफॉन्स या गायिकांच्या गटाच्या १९६३ च्या 'ही'ज सो फाइन' वरून घेतली असा दावा झाला आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी तो मान्य केला. मग ते गाणं एवढं डोक्यावर का घ्यायचं?

---

मध्यलय

@पारावरचा, निकाल पूर्ण वाचा. जॉर्जने जाणूनबुजून चोरी केली असं न्यायाधीशांनी म्हटलेलं नाही, नकळत उतरली असं म्हटलंय. दोन्ही चाली शेजारी ठेवल्या तर सुरुवातीचे छोटे तुकडे खरोखर जुळतात, ते मीही वाजवून पाहिलंय. डिसेंबर १९६९ मध्ये कोपनहेगनला गाणं सुचलं तेव्हा त्याच्या डोक्यात एडविन हॉकिन्स सिंगर्सचं 'ओ हॅपी डे' होतं, हे तो सांगत आला. शिवाय ते त्याने आधी बिली प्रेस्टनला दिलं, स्वतःचं नंतर काढलं.

पुढचं जास्त वाईट. खटला सुरू झाला तेव्हा जॉर्जचा व्यवस्थापक होता अ‍ॅलन क्लाइन. दोघांचं फिसकटल्यावर याच क्लाइनने त्या दुसऱ्या गाण्याचे हक्क विकत घेतले आणि जॉर्जच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसला. १९८१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खरेदीला दिलेत तेवढेच ५,८७,००० डॉलर घ्या, त्यावर नफा नाही. ज्याने आपली बाजू मांडायची तोच उलटला. 'बीवेअर ऑफ डार्कनेस' मध्ये जॉर्ज मायेपासून सांभाळ म्हणतो, थेट 'माया' हाच शब्द वापरून. मला ते गाणं ऐकताना हे प्रकरण आठवतंच.

---

निळी_छत्री

जाता जाता, मुंबईचा आणखी एक धागा. या अल्बमच्या दोन वर्षं आधी, जानेवारी १९६८ मध्ये, जॉर्जने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' साठी रेकॉर्डिंग केलं. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ. बासरीवर एस. आर. केंकरे, म्हणजे आपलाच माणूस. सनईवाल्यांची नावं कव्हरवर 'शरद जदेव' आणि 'हनुमान जदेव' अशी छापलीत. मला ते जाधवच वाटतात. 'द इनर लाइट' ची वाद्यंही त्याच मुक्कामात वाजली. तिथे त्याला पहिल्यांदा कळलं असणार की खोलीभर वादकांना आपण सांभाळू शकतो. बीटल्सच्या रेकॉर्डिंगला ते काम बहुतेक दुसऱ्यांचं असायचं.

---

जुनी_सुई

@निळी_छत्री, हे आवडलं. असं कधी जोडून पाहिलं नव्हतं.

@खारा_वारा, श्वासाचं वाचून काल रात्री 'लेट इट डाउन' दोन्ही मिक्समध्ये ऐकलं. श्वास आहे. मंडप मला अजून तोच हवा, पण 'हिअर मी लॉर्ड' पुरतं तुमचं म्हणणं मान्य करतो.

---

पारावरचा

खटल्याची माहिती दिल्याबद्दल आभार. मला क्लाइनचं माहीत नव्हतं. तिसरी तबकडी ऐकावी का? 'अ‍ॅपल जॅम' म्हणतात ती.

---

खारा_वारा

घाई नको. मित्र जमून वाजवत बसलेत, टेप चालू आहे, असा तो प्रकार. गिटार वाजवणाऱ्यांना मजा येते. पहिल्या दोन तबकड्या अंगात मुरल्या की मग. त्याआधी कव्हर नीट पाहा: त्याच्या फ्रायर पार्क या घराच्या हिरवळीवर गमबूट घालून एकटा बसलेला जॉर्ज आणि भोवती, बागेत ठेवतात तसले, बुटक्यांचे चार पुतळे. चार हा आकडा ज्याला त्याला हवा तसा वाचता येतो.

---

अर्धी_कॅसेट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मींडचं वाचल्यापासून ते गाणं मला निराळंच ऐकू येतंय.

एक सांगायचं राहिलं होतं, ते आज कळलं म्हणून लिहितोय. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की चार गाणी जागेअभावी गळाली. दादा आता बडोद्याला असतो. आज दुपारी त्याला फोन केला, धाग्याबद्दल सांगितलं, आणि सहज विचारलं, 'रन ऑफ द मिल' का नव्हतं रे? तीन मिनिटंसुद्धा नाही ते, 'ए' बाजूला दीड मिनिट शिल्लक होतं, एखादं गाणं इकडेतिकडे केलं असतं तर बसलं असतं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, मित्राकडे अख्खा अल्बम ऐकला होता, ते गाणं आवडलं होतं. पण कॅसेट घरात वाजणार. अण्णांना इंग्रजी चांगलं यायचं. काकांशी बोलणं बंद होऊन चारच वर्षं झाली होती, आणि अण्णा संध्याकाळी खुर्चीत बसून सगळं ऐकायचे. "मी ते यादीत लिहिलं आणि खोडलं."

मी उठून कॅसेटचा कागद पाहिला. 'अ‍ॅपल स्क्रफ्स' च्या वर खरंच एक ओळ खोडलेली आहे, निळ्याच शाईने, दोनदा.

मी त्याला ते गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "मध्ये वाजतं ते ट्रम्पेट ना?" म्हटलं, हो, जिम प्राइस, आणि सोबत बॉबी कीजचा सॅक्सोफोन. "मला ते तेव्हाही आठवत होतं," म्हणाला, "थांब, वहिनीलाही ऐकवतो," आणि फोन तसाच चालू ठेवून त्याने ते पुन्हा लावलं.